बोरघाट, ब्रेक आणि बिडी: एका चुकलेल्या बेरजेचा इतिहास

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अर्धवट सुटतं ते इथे थोडं नीट लावून घेतलंय, आणि आकडे जास्त आहेत म्हणून हा भाग वाचायलाच सोपा जाईल.

आजचा विषय ऐकायला डॉक्टरी वाटेल: ॲस्बेस्टॉसची धूळ आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका किती वाढतो. पण ही मुळात इतिहासाची गोष्ट आहे. कोणी मोजलं, कोणी मोजू दिलं नाही, आणि आकडे हातात आल्यावर कोणी ते कसे वापरले, याची. सुरुवात करू आपल्या मावळातूनच, कारण या गोष्टीतला ब्रेक आपल्या घाटात रोज लागतो.

उतार आला की ब्रेक आला

बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून खंडाळ्याला आली. चढ ३७ फुटांना १ फूट. चढताना इंजिनाचा दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना असते. बैलगाडी असो, मालगाडी असो की दहा चाकी ट्रक असो, उतारावर जीव ब्रेकवर असतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला लायनर जळाल्याचा वास सांगावा लागत नाही.

ब्रेक म्हणजे काय, तर घर्षण. घर्षण म्हणजे उष्णता. लाकूड जळतं, चामडं जळतं, कापूस जळतो. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस राहायचा. उतारावर घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात, हे बघून त्याला चांगल्या ब्रेक लायनिंगची कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. १८९७ मध्ये त्यानं धंदा सुरू केला. स्वतःच्या आडनावातली अक्षरं फिरवून आणि बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं पहिलं अक्षर घालून त्यानं कंपनीचं नाव केलं ‘फेरोडो’. विसावं शतक उजाडल्यावर लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आला.

ॲस्बेस्टॉस हा दगड आहे, पण कापसासारखा पिंजता येणारा. त्याचे तंतू कातता येतात, विणता येतात, सिमेंटमध्ये मिसळता येतात. जळत नाही, सडत नाही, वर स्वस्त. त्यामुळे तो सगळीकडे गेला. गाडीच्या ब्रेकमध्ये आणि क्लचमध्ये, बॉयलरभोवतीच्या वेष्टणात, वाफेच्या पाइपांवर, आणि छपरावर.

मावळात तिन्ही रूपं ओळखीची आहेत. घाटातल्या ट्रकांचे लायनर हे पहिलं. दुसरं म्हणजे ‘सिमेंटचे पत्रे’. लोणावळ्याच्या पावसात लोखंडी पत्रा गंजतो, म्हणून गोठ्यावर, पडवीवर, शेडवर जो करडा नागमोडी पत्रा घालतात त्यात सिमेंटबरोबर बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसच असतो. तिसरं रूप वाफेचं. लोणावळ्यात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘शिवाजी’ ही नौदलाची संस्था सुरू झाली. आजची आयएनएस शिवाजी ती हीच. जहाजाचं इंजिन चालवणारे लोक तिथे शिकतात. ज्या काळात ती सुरू झाली त्या काळातल्या युद्धनौका वाफेवर चालायच्या, आणि जगातल्या कुठल्याही नौदलात बॉयलर नि वाफेच्या पाइपांभोवती ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असायचं. त्याला लॅगिंग म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रॉचडेल ते घाटकोपर

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथल्या टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात नेली केरशॉ नावाची कामगार होती. १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती वारली. फुप्फुसं दगडी तंतूंनी भरून जाड झाली होती. आजारपणात तिनं कंपनीकडे मदत मागितली होती, कंपनीनं जबाबदारी नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांचा अभ्यास छापला आणि १९२७ मध्ये या आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिलं. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारचा मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला, १९३१ मध्ये धुळीबद्दलचे नियम आले.

म्हणजे ‘तेव्हा कुणाला माहीत नव्हतं’ हे वाक्य १९३१ नंतर निदान कारखानदारांना तरी म्हणता येत नाही.

टर्नर ब्रदर्सपासून पुढे टर्नर अँड न्यूऑल हा मोठा समूह झाला. १९२० च्या दशकात त्यांनी फेरोडो घेतली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत घाटकोपरला ‘हिंदुस्थान फेरोडो’चा कारखाना उभा राहिला तो याच समूहाचा. रॉचडेलचं ज्ञान आणि घाटकोपरचे हात. हे हात बहुतांशी मराठी होते. कोकण, घाटमाथा, देश, सगळीकडून मुंबईला आलेले. मावळाचं मुंबईशी नातं तर जुनंच. डबेवाले मावळातून जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण गिरणीत, गोदीत आणि कारखान्यात गेलेले त्याहून कितीतरी जास्त. नोकरी संपली की ही माणसं गावी परत येतात. हेही लक्षात ठेवा.

डॉल यांचे दोन पेपर

आता गोष्टीत रिचर्ड डॉल येतात. १९५० मध्ये डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या पेशंटांचा अभ्यास छापला: फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांत सिगारेट ओढणारे इतके जास्त का? डॉल यांचा सुरुवातीचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता. आकडे बघितल्यावर त्यांनी स्वतःचीच सिगारेट सोडली.

पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, याच डॉल यांनी रॉचडेलच्या कामगारांचा अभ्यास छापला. किमान वीस वर्षं धुळीत काम केलेले ११३ पुरुष. सर्वसाधारण लोकांच्या हिशेबानं त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचा एखादाच मृत्यू अपेक्षित होता, आकड्यात ०.८. प्रत्यक्षात ११ झाले. कंपनीनं हा पेपर छापला जाऊ नये म्हणून प्रयत्न केले. तरी तो छापला गेला. पुढे कोर्टकचेऱ्यांत या समूहाची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, आणि इतिहासकार जेफ्री ट्वीडेल यांनी त्यावरून हा सगळा प्रकार तपशिलात लिहिला.

म्हणजे १९५५ पर्यंत एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही गोष्टी होत्या. सिगारेटनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो. ॲस्बेस्टॉसनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आता प्रश्न असा: जो माणूस दिवसभर धुळीत काम करतो आणि चहाच्या सुट्टीत धूर ओढतो, त्याचं काय?

युनियनची यादी

उत्तर न्यूयॉर्कमधून आलं, आणि ते शक्य झालं एका यादीमुळे. लॅगिंगचं काम करणाऱ्या कामगारांची तिथे युनियन होती. कोण कधी कामाला लागला, कधी वारला, याची नोंद युनियनकडे होती. माउंट सायनाय रुग्णालयाच्या डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांना युनियननं ती उघडून दिली. कंपन्यांकडे मागितली असती तर मिळाली असती का, याचा अंदाज रॉचडेलवरून करता येतो.

१९६८ मध्ये पहिला निकाल आला. ३७० लॅगिंग कामगार. त्यातल्या धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या २८३ जणांपैकी २४ फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. कधीच सिगारेट न ओढलेल्या ८७ जणांत एकही नाही. संख्या लहान होती, म्हणून सेलिकॉफ आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे कायलर हॅमंड यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १७,८०० लॅगिंग कामगारांवर १९६७ पासून दहा वर्षं लक्ष ठेवलं. तुलनेला ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेले ७३ हजारांहून जास्त पुरुष घेतले. १९७९ मध्ये आकडे छापले.

दर वर्षी दर १ लाख माणसांमागे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू, जवळच्या पूर्णांकात:

ना धूळ ना धूर: ११.
फक्त धूळ: ५८.
फक्त धूर: १२३.
धूळ आणि धूर दोन्ही: ६०२.

पटीत बोलायचं तर १, ५, ११ आणि ५३.

बेरीज करून बघा

नुसती बेरीज असती तर? मूळचे ११. धुळीनं त्यात ४७ वाढवले, धुरानं ११२ वाढवले. एकूण १७०. प्रत्यक्षात मात्र ६०२. मग मधले ४३२ कोणाचे?

आमच्या कोडिंगच्या धंद्यात असा बग नेहमी भेटतो. दोन अटी एकाच वेळी खऱ्या असतील तरच सिस्टिम पडते. एक टीम म्हणते तुमची अट काढा, दुसरी म्हणते तुमची काढा, आणि दोघांचंही बरोबर असतं. ते ४३२ मृत्यू असे आहेत. धूळ नसती तर ते झाले नसते. धूर नसता तरी झाले नसते.

याचा परिणाम विचित्र होतो. समजा या ६०२ जणांच्या आयुष्यातून फक्त धूर काढला. मृत्यू ५८ वर येतात, म्हणजे ९० टक्के टळतात. आता उलट करू, धूर राहू द्या आणि फक्त धूळ काढा. मृत्यू १२३ वर येतात, म्हणजे सुमारे ८० टक्के टळतात. ९० आणि ८० मिळून होतात १७०. शंभराच्या वर! आपल्याला सवय असते दोष शंभरात वाटायची: याचा साठ टक्के, त्याचा चाळीस. इथे ती वाटणी होतच नाही. धूम्रपानाला ९० टक्के जबाबदार धरलं म्हणून ॲस्बेस्टॉसच्या वाट्याला उरलेले १० येत नाहीत. त्याचे ८० जागच्या जागी असतात.

आजच्या भागातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. ‘तो बिडी ओढायचा’ हे वाक्य खरं असू शकतं. त्यातून ‘म्हणजे कारखान्याचा संबंध नाही’ हे निघत नाही.

आत काय होतं

श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केसांचा थर असतो. ते केस सतत एका दिशेनं हलतात आणि चिकट स्रावात अडकलेली धूळ वर, घशाकडे ढकलतात. फुप्फुसाचा झाडूवालाच म्हणा ना. तंबाखूचा धूर हे केस लुळे पाडतो. झाडणं थांबलं की तंतू जास्त संख्येनं आणि जास्त काळ आत राहतात.

खोलवर गेलेल्या तंतूला गिळायला सफाई करणाऱ्या पेशी येतात. पण लांब तंतू पेशीपेक्षा मोठा असतो. अर्धवट गिळलेला तंतू घेऊन पेशी मरते आणि भोवती दाह पसरवते. मग दुसरी पेशी येते, तिचंही तेच. हे वर्षानुवर्षं चालतं. शिवाय धुरातले कॅन्सरकारी पदार्थ तंतूंच्या पृष्ठभागावर चिकटून पेशींपर्यंत पोचतात. एकाचं नुकसान दुसऱ्याच्या वाटेत दिवा धरतं.

दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवायला हव्यात. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर ॲस्बेस्टॉसमुळे होतो आणि त्याचा धूम्रपानाशी संबंध आढळलेला नाही. तिथे बिडीची सबब चालतच नाही. आणि आपल्याकडे जास्त प्रमाणात चालते ती मळून खायची तंबाखू किंवा मिश्री. ती तोंडाच्या कॅन्सरकडे नेते, पण फुप्फुसातला हा गुणाकार धुराचा आहे. बिडीचा धूर सिगारेटपेक्षा ‘हलका’ असतो असं समजणाऱ्यांनी मात्र समजून घ्यावं, फुप्फुसाला तो अजिबात हलका नाही.

गुणाकाराची दुरुस्ती

प्रामाणिकपणे सांगायला हवं की १, ५, ११, ५३ हे आकडे शेवटचा शब्द नाहीत. ते इतके सुबक गुणाकारात बसतात की पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत तेच फिरत राहिले. २०१३ मध्ये स्टीव्हन मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याच युनियनच्या २,३७७ कामगारांचा नवा अभ्यास छापला. त्यांनी कामगारांचे दोन गट पाडले: एक्स-रेमध्ये ॲस्बेस्टॉसिस दिसणारे आणि न दिसणारे.

ॲस्बेस्टॉसिस नसलेल्या, पण धूम्रपान करणाऱ्या कामगारांत धोका १४ पट निघाला, म्हणजे साधारण बेरजेइतकाच. ॲस्बेस्टॉसिस आणि धूम्रपान दोन्ही असलेल्यांत तो जवळपास ३७ पट होता, बेरजेच्या खूप पुढे. म्हणजे जितकी जास्त धूळ आत बसलेली, तितकी धुराशी तिची युती घातक. आकडे बदलले, मुद्दा तोच राहिला.

याच अभ्यासात एक चांगली बातमीही होती. धूम्रपान सोडल्यावर दहा वर्षांत या कामगारांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तीस वर्षांत ते कधीच न ओढलेल्या सहकाऱ्यांच्या पातळीला पोचले. तंतू फुप्फुसातून काढून टाकण्याचा कुठलाही इलाज नाही. धूर थांबवता येतो. साठीतल्या माणसालाही ‘आता सोडून काय उपयोग’ असं म्हणू नका, उपयोग मोजलेला आहे.

कोर्टातली बिडी

विज्ञानाचा हा निकाल कारखान्यांच्या वकिलांनी मात्र आपल्या सोयीनं वाचला. कामगार सिगारेट ओढायचा ना? मग त्याच्या कॅन्सरला तोच जबाबदार. कामगारांची फुप्फुसं सांभाळायला जे संशोधन झालं, तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं केलं गेलं.

२००५ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात यावर एक निकाल लागला. बॅजर नावाच्या बॉयलरमेकरनं संरक्षण खात्याकडे अनेक वर्षं काम केलं होतं, म्हणजे तेच वाफेचं आणि लॅगिंगचं जग. फुप्फुसाच्या कॅन्सरनं तो गेला. तो धूम्रपान करायचा. खात्यानं ॲस्बेस्टॉसबद्दलची जबाबदारी मान्य केली, पण त्याच्या सिगारेटबद्दल रक्कम कमी करा म्हणाले. कोर्टानं २० टक्के कमी केली. युक्तिवाद असा: १९७१ पासून ब्रिटनमध्ये पाकिटावर इशारा छापलेला होता, त्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत समजूतदार माणसाला धोका कळायला हवा होता.

पटो न पटो, निदान निकष स्पष्ट आहे: माहिती कधी मिळाली. आता हाच निकष आपल्याकडे लावून बघू. सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा आणणारा कायदा १९७५ चा. तो फक्त सिगारेटला लागू होता. बिडीच्या बंडलाला तो लागूच नव्हता! बिडीसह सगळ्या तंबाखूला कवेत घेणारा कायदा २००३ चा, आणि चित्रांचे इशारे आले ३१ मे २००९ पासून. म्हणजे १९६० मध्ये वा १९८० मध्ये जो माणूस सुट्टीत बिडी पेटवायचा, त्याच्या बंडलावर इशाऱ्याची एक ओळ छापायचंही कायदेशीर बंधन नव्हतं. त्याच काळात त्याच्या कामातल्या धुळीबद्दल ब्रिटनमध्ये नियम होऊन तीस ते पन्नास वर्षं उलटली होती. कोणाला जास्त माहीत होतं? कोणाच्या हातात पंखा, मास्क आणि धूळ मोजायचं यंत्र बसवणं होतं?

आपल्याकडची नोंद

भारतात ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दलचा मोठा निकाल सुप्रीम कोर्टानं २७ जानेवारी १९९५ रोजी दिला, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर. कोर्टानं कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आदेश असा: प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. ४० वर्षं का? कारण धूळ आत जाणं आणि कॅन्सर दिसणं यात वीस ते चाळीस वर्षं जातात. आज पंचविशीत घेतलेला श्वास साठीत बोलतो.

त्यानंतर मुंबईत व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट मिलमधल्या १८१ कामगारांची तपासणी केली. २००५ मध्ये निष्कर्ष छापला: पाचात एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस. देशभरात तोवर भरपाई मिळालेल्या ॲस्बेस्टॉस कामगारांची संख्या त्यांनी दिली आहे, तीसहूनही कमी. त्या वेळी या धुळीशी संबंध येणाऱ्या कामगारांचा त्यांचा अंदाज होता एक लाख.

हा फरक पडतो कुठे? माझ्या मते दवाखान्यातल्या एका प्रश्नावर. खोकणारा म्हातारा माणूस समोर बसला की पहिला प्रश्न असतो, ‘बिडी ओढता का?’ तो हो म्हणतो. कारण सापडलं, केसपेपरवर लिहिलं गेलं. कधी टीबी म्हणून औषधं सुरू होतात, कारण दम, खोकला आणि वजन घटणं तिथेही असतं. ‘आयुष्यभर काम काय केलंत?’ हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला गेला नाही की कागदावर ॲस्बेस्टॉस येत नाही, कागदावर आला नाही की भरपाईचा दावा उभा राहत नाही, आणि दावेच नाहीत म्हटल्यावर ‘आपल्याकडे हा आजार कुठे आहे?’ असं म्हणायला मोकळीक मिळते. मुंबईत तीस वर्षं काढून कामशेतजवळच्या गावी परतलेल्या माणसाच्या बाबतीत तर नोंद एका शहरात, खोकला दुसऱ्या तालुक्यात.

कायदा खरं तर वाट अडवत नाही. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून आलेला होता. अडतं ते पुराव्यापाशी.

ज्या टर्नर अँड न्यूऑलपासून सुरुवात केली तिचं काय झालं? १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगलनं ती घेतली, आणि २००१ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांच्या ओझ्याखाली दिवाळखोरीच्या संरक्षणाकडे गेली. ब्रिटननं १९९९ मध्ये उरलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद आहेत, पण परदेशातून आणलेला पांढरा ॲस्बेस्टॉस आणि त्याचे पत्रे अजून विकले जातात.

मग मावळात काय करायचं

घाबरवायचा उद्देश नाही, म्हणून प्रमाण सांगतो. छपरावर शाबूत असलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटनं बांधलेले असतात. त्याखाली राहणं आणि कारखान्यात सुटे तंतू पिंजणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गॅरेजमधल्या मेकॅनिकांच्या अभ्यासांतही लॅगिंगवाल्यांसारखे आकडे दिसलेले नाहीत. पण धूळ टाळणं फुकट आहे, तर टाळावी. पत्रा करवतीनं कोरडा कापू नका, काढताना आपटून फोडू नका, आधी पाण्यानं भिजवा. तुकड्यांचा चुरा करून वाटेवर भराव घालू नका. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपानं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि हे काम करणाऱ्यानं बिडी-सिगारेट सोडणं हे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फायद्याचं आहे.

दुसरं काम कागदाचं. घरात कुणी निवृत्त माणूस असेल जो ब्रेक लायनिंग, पत्र्याचा कारखाना, बॉयलर, गोदी, जहाजतोडणी किंवा लॅगिंगच्या कामात होता, तर त्यांच्याजवळ बसून एक पान लिहून काढा. कुठे, कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हाताखालून काय जायचं. जुनं ओळखपत्र, पगाराची पावती, पीएफचा कागद, ईएसआयचं कार्ड, जे असेल ते त्या पानासोबत ठेवा. दवाखान्यात जाताना ते पान घेऊन जा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. केसपेपरवर बिडी लिहिली जाणारच आहे, शेजारी कामही लिहून घ्या.

न्यूयॉर्कचं संशोधन एका युनियनच्या यादीवर उभं राहिलं. आपल्याकडे ती यादी घरोघरच्या पत्र्याच्या पेटीत विखुरलेली आहे. तुमच्या घरच्या पेटीतलं काही सापडलं, तर कळवा. फक्त माणसाचं नाव लिहू नका, काम आणि वर्षं लिहा, तेवढं पुरे. भेटू पुढच्या भागात.